दोर तिच्या कमरेला

कुजबुजत बोलणाऱ्या बाईला काय विचारायचं, याचं एक कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. ते मीच केलं. तिला कमीत कमी बोलायला लावा. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच येईल असे प्रश्न विचारा. मारणारा माणूस जवळच उभा आहे असं धरून चाला. यादी केल्याशिवाय मला कामाला लागता येत नाही. घरी फ्रिजच्या दारावर भाजीची, दुरुस्त्यांची, द्यायच्या-आणायच्या वस्तूंची यादी असते, आणि इथे काचेखाली ही कार्डं. शेजारी वायरलेसवर बसणारे हवालदार त्यावरून मला रोज छेडतात.

“मैडम, आपकी लिस्ट में हम किस नंबर पे हैं?”

“टमाट्याच्या खाली,” मी सांगते. “पण कोथिंबिरीच्या वर.”

मी बालाघाटच्या पोलिस कंट्रोल रूममध्ये फोन घेते. आणीबाणीचे फोन आधी भोपाळच्या मोठ्या केंद्रात लागतात. तिथून घटना आमच्या स्क्रीनवर येते आणि आम्ही जवळची गाडी पाठवतो. पण किरनापूर, लांजी, वारासिवनीच्या बाजूचा एखादा माणूस इतका घाबरलेला असतो की हिंदी विसरतो आणि घरच्या बोलीत सुटतो. मग भोपाळची मुलगी तो फोन आमच्याकडे जोडून देते. असे फोन बहुधा माझ्याकडे येतात, कारण ती बोली माझ्या घरची आहे. माझे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो.

तो फोन मे महिन्यात भर दुपारी आला. बाहेर रस्ता ओस होता, कूलरमध्ये पाणी घालायची पाळी हवालदारांची होती आणि ते ती टाळत होते.

“मॅडम,” एक बाई म्हणाली आणि थांबली. नुसता श्वास ऐकू येत होता.

मी कार्डाप्रमाणे सुरुवात केली. “बाई, तुले कोनी मारून राह्यलं का? हौ का नाई, एवढंच सांग.”

“नाई.”

“जवळ कोनी उभं हाये?”

“हौ.”

“त्याचं भेव वाटते?”

ती आणखी हळू आवाजात म्हणाली, “नाई. भासरे हायेत.”

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या घरांत धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर आवाज काढत नाही, त्याच्या अंगावरून जात नाही, आणि त्यानेही तिला स्पर्श करायचा नसतो, चुकूनसुद्धा. माझ्या आईने माझ्या मोठ्या काकांशी आयुष्यात एक वाक्य थेट बोललेलं मला आठवत नाही. काका जेवायला बसले की ती मांजरीला सांगायची, “भाजीत मीठ कमी हाये म्हणा, वरून घ्या.” मांजर जागची हलत नसे, काका मात्र मीठ घेत.

ही बाई कोणाच्या भीतीने कुजबुजत नव्हती. ती रिवाजाने कुजबुजत होती. माझं कार्ड मी बाजूला सारलं.

“पोरी, भासऱ्याईनं ऐकलं तरी चालते. मोठ्यानं बोल. काय झालं?”

“ते इहिरीत पडून हायेत. इंजनाजवळ. हालत नाईत.”

‘ते’ म्हणजे नवरा, हे विचारावं लागलं नाही. गाव कोणतं, कालव्याच्या अलीकडे की पलीकडे, रस्त्यावरून शेत दिसतं का, हे मी विचारलं आणि तिने नीट सांगितलं. मी गावाचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून हवालदारांपुढे सरकवलं. त्यांनी किरनापूरकडच्या गाडीला आवाज दिला. मी दुसरा कागद सरकवला : अग्निशमन, तोंडाचा मास्क आणि सिलेंडर घेऊन. तिसरा : रुग्णवाहिका. हवालदारांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कूलरचा विषय दिवसभर पुन्हा निघाला नाही.

विहिरीत काय झालं असेल हे मला कळलं होतं. उन्हाळी धानाला शेवटची पाणी द्यायची असतात, विहिरीचं पाणी खोल गेलेलं असतं, आणि वरचं डिझेल इंजिन इतक्या खालून पाणी ओढू शकत नाही. म्हणून लोक इंजिनच विहिरीत उतरवतात. आडव्या गर्डरवर फळ्या टाकून मचाण करतात, त्यावर इंजिन बसवतात. धूर बाहेर काढायला नळी वरपर्यंत न्यायला पाहिजे. कोणी नेतं, कोणी नेत नाही. इंजिन चालतं, धूर विहिरीतच साठतो. मग डिझेल संपून इंजिन बंद पडतं, आणि माणूस कॅन घेऊन खाली उतरतो. वरून पाहिलं तर विहीर स्वच्छ दिसते.

हे कार्डसुद्धा माझ्या काचेखाली आहे. त्यावर पहिली ओळ अशी की, पडलेल्या माणसाला काढायला दुसऱ्याने उतरायचं नाही. अशा विहिरीत सहसा एकटा माणूस मरत नाही. भाऊ भावासाठी उतरतो, बाप दोघांसाठी, शेजारी तिघांसाठी.

“पोरी, तुये भासरे काय करून राह्यले आता?”

“टाक्यावर गेले. दुपट्टा ओला करून राह्यले.” आता तिचा आवाज जरा मोकळा झाला होता, कारण तो लांब गेला होता. “तोंडाले बांधून खाली जातो म्हनून राह्यले.”

“जाऊ देऊ नोको.”

तिकडे बादलीत पाणी पडत होतं.

“ऐकून राह्यली का? ओल्या कपड्यानं धूर अडते, जहर अडत नाई. ते खाली गेले तं ते बी पडतीन. तुया नवऱ्याले वर आनता येनार नाई, अन् दोघं जातीन. त्याईले जाऊ देऊ नोको.”

“मॅडम,” ती म्हणाली, “मी त्याईच्यासंगं बोलत नाई.”

हे तिने सबब म्हणून सांगितलं नव्हतं. ‘मला पोहता येत नाही’ असं एखादीने सांगावं, तसं तिने सांगितलं.

“मंग मले बोलू दे. स्पीकर लाव, फोन त्याईच्याकडं धर.”

तिने लावला. मला पावलं ऐकू आली, मग कोणीतरी जोरात नाक शिंकरलं, बादली आपटली. मी शक्य तितक्या खणखणीत आवाजात म्हणाले, “दादा, मी बालाघाट कंट्रोल रूममधून बोलून राह्यली. गाडी निघाली हाये. तुमी इहिरीत उतरू नोका.”

“कोन बोलते?” एक पुरुषी आवाज.

“पोलिस कंट्रोल रूम.”

“गाडी कवा येते?”

“निघाली हाये.”

“निघाली हाये!” तो ओरडला. “माया भाऊ इथं पडला हाये मचानावर, मले त्याचे पाय दिसून राह्यले. पाच मिंटाचं काम हाये. तुमी तिथं पंख्याखाली बसून मले सांगता का, उतरू नोको?”

“हौ, सांगतो. तुमी खाली गेले तं वर येनार नाई.”

“मी लहानपनापासून याच इहिरीत उड्या मारल्या. तुमी ठेवा फोन.”

आणि तो बाजूला झाला. चपला काढून फेकल्याचा आवाज आला. मी पुन्हा दोनदा हाक मारली. तो भावाशी बोलत होता, विहिरीत वाकून. “येतो रे बाबू, येतो,” असं. त्याचा आवाज विहिरीत घुमून माझ्यापर्यंत परत येत होता.

आता माझ्याकडे एकच माणूस उरलं होतं, आणि ते बोलत नव्हतं.

“पोरी,” मी म्हणाले. “उतराले पायऱ्या हायेत का?”

“नाई. लोखंडी कड्या होत्या. खालच्या तुटल्या. दोरावरून जाते.”

“दोर कोठं हाये?”

“लोंबून हाये. ते त्याच्यावरूनच गेले खाली.”

“तो दोर वर ओढून घे.”

“मॅडम...”

“लवकर.”

“मंग ते वर कसे येतीन?”

मी हा फोन अनेकदा मनात परत ऐकला आहे आणि दर वेळी इथे थांबते. खाली तिचा नवरा होता. तो शुद्धीवर आला, त्याने डोळे उघडले, तर वर यायला तोच एक दोर होता. आणि मी, तिने कधी न पाहिलेली बाई, तिला सांगत होते की तो काढून घे. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्याकडे फक्त क्रम होता : आधी जो वाचवता येतो त्याला वाचवा.

“मास्कवाले लोक त्याईले वर आनतीन,” मी म्हणाले. “दोर ओढ, बाई. तुया हातात घे. देऊ नोको.”

फोन जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. दगडावर ओला काथ्या घासत जातो तसा आवाज, भराभर. तिच्या बांगड्या. मग तो पुरुष, अचानक जवळ : “हे काय करून राह्यली? खाली सोड तो. सोड!”

काथ्या घासतच राहिला.

“सोड म्हनतो न! तुया नवरा हाये तो! तुले समजते का काई?”

आणि मग तिचा आवाज आला. कुजबुज नव्हती. तो आवाज इतका मोठा होता की हवालदारांनी हेडफोन न लावताही ऐकला. “नाई सोडत! नाई सोडत मी! तुमी बी मरसान!”

एक कावळा तेवढा ओरडला.

“दे इकडं,” तो म्हणाला, पण आता ओरडत नव्हता. “दे, बाई. माया भाऊ हाये. हात जोडतो.”

“नाई देत.”

“दे नं.”

“घ्या मंग,” ती म्हणाली. “या, घ्या सोडून.”

मला दिसत काहीच नव्हतं. मी वाट पाहत होते की आता झटापट ऐकू येईल. तो रांगडा शेतकरी, ती एकटी बाई. दोर हिसकावायला किती वेळ लागणार? मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी तळहात दाखवला : गाडी अजून रस्त्यात.

झटापट झाली नाही. नुसते दोघांचे श्वास येत होते. मग तो रडायला लागला. मोठा माणूस तोंड दाबून रडतो तसा.

काय झालं होतं ते मला नंतर कळलं. तिने दोर वर ओढला, आणि भासरा पुढे आला तसा तो हातात न ठेवता आपल्या कमरेला गुंडाळला, पदरावरून, वेढ्यावर वेढे, आणि टोक मुठीत धरून विहिरीवरच्या चाकाच्या खांबाला पाठ लावून खाली बसली. दोर तिच्या अंगावर होता. आणि भासरा धाकट्या भावाच्या बायकोला हात लावत नाही. भाऊ खाली पडलेला, जीव तुटत असलेला, तरी त्याचा हात पुढे गेला नाही. ज्या रिवाजाने तिचं तोंड इतकी वर्षं बंद ठेवलं होतं, त्यानेच आता त्याचे हात बांधले होते. हे तिला त्या क्षणी सुचलं की अंगाने आपोआप केलं, मी कधी विचारलं नाही. मी ते सांगितलेलं नव्हतं. माझ्या कुठल्याच कार्डावर ते नाही.

माणूस रडायला लागला की तो ऐकण्याच्या जवळ आलेला असतो. आणि त्याच्या हाताला काम दिलं नाही तर तो पुन्हा उठतो.

“दादा,” मी म्हणाले. “तुमच्या वावरातल्या झोपडीत धान उडवाचा पंखा हाये का? हातानं फिरवाचा?”

हुंदके चालूच होते.

“दादा. पंखा.”

“हाये,” तो म्हणाला.

“तो काठावर आना. तोंड खाली करा अन् फिरवा. खाली हवा गेली पाहिजे. थांबू नोका. भावाले हवा द्या.”

तो धावला. पंखा ओढत आणल्याचा खडखडाट आला, आणि मग त्या पंख्याची ती कुरकुर सुरू झाली, जी आमच्याकडे खळ्यांवर ऐकू येते. तो फिरवत राहिला. रस्त्यावरून दोघं-तिघं माणसं धावत आली. त्यांच्यातला एक जण लगेच शर्ट काढायला लागला आणि या वेळी भासराच ओरडला, “कोनी उतरू नोका बे!” मी खुर्चीला पाठ टेकवली. तोपर्यंत मी काठावर बसले होते हे मला कळलं नव्हतं.

किरनापूरची गाडी आधी पोचली. तिच्यातले दोन जवान तरुण होते, धीट होते, आणि अशी धीट माणसं मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतात. हवालदारांनी वायरलेसवर त्यांना दोनदा बजावलं, “अंदर कोई नहीं जाएगा, समझे? हीरो मत बनना।” मग बालाघाटहून अग्निशमनची गाडी गेली.

आमच्याकडे नियम असा की मदत पोचली की फोन मोकळा करायचा. पुढचा फोन कोणाचा असेल सांगता येत नाही.

“पोरी, गाडी आली. आता मी ठेवतो.”

“नोको ठेवू,” ती म्हणाली. मला ‘तू’ म्हणाली.

मी जरा वेळ थांबले. पंख्याची कुरकुर, माणसांचा गलका, तिचा श्वास. मग स्क्रीनवर दुसरा फोन लुकलुकायला लागला. परसवाड्याच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरली होती. मी ठेवला.

संध्याकाळी हवालदार चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “वो कुएँ वाला नहीं बचा। अस्पताल ले गए थे।” मग थोडं थांबून, “लेकिन एक ही गया, मैडम।”

“हो,” मी म्हणाले. नोंदीत घटना बंद केली.

इथे माझं काम संपतं. फोन करणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते आम्हाला कळत नाही, आणि कळू नये अशीच ही नोकरी आहे असं मी मानत आले होते. पण दोन-तीन आठवड्यांनी फाटकावरच्या शिपायाने आत येऊन सांगितलं की एक माणूस आला आहे, ‘इहिरीचा फोन ज्या बाईनं घेतला’ तिला भेटायचं म्हणतो.

बाहेर कडुलिंबाखाली एक डोकं भादरलेला माणूस उभा होता. केस नुकते खुंटांसारखे उगवत होते. मी तोंड उघडताच त्याने आवाज ओळखला आणि हात जोडले.

“तुमच्यावर ओरडलो मी त्या दिवशी.”

“ते राहू द्या. बसा.”

तो बसला नाही. टोपी हातात फिरवत त्याने जे आठवून आणलं होतं ते सांगून टाकलं. घरात आई आहे. आईला गावातल्या कोणीतरी सांगितलं की मोठा पोरगा उतरायला निघाला होता, सुनेने दोर काढून घेतला. तेव्हापासून आई सुनेशी एक शब्द बोलत नाही. तिच्या हातचं पाणी घेत नाही. म्हणते, हिने माझ्या पोराचा दोर कापला. आता तिच्या बापाला निरोप गेला आहे, येऊन घेऊन जा म्हणून. नेलं की परत आणायचं नाही.

“अन् तुमी काय म्हनता?” मी विचारलं.

“मी काय म्हनू? मी म्हनतो, मी जित्ता हावो तिच्यापायी. माय म्हनते, तू तिच्या बाजूनं बोलतो.” त्याने मान खाली घातली. “लोक बी म्हनते. मी तिच्या बाजूनं बोललो तं आनखीनच वंगाळ दिसते. तुमी या न घरी. सांगा मायले. सरकारी मानसाचं ऐकन ते.”

अशा भेटी आम्ही देत नाही. मी तसं त्याला सांगितलं. मग पुढच्या सुट्टीला किरनापूरकडची सकाळची बस पकडली. घरच्यांना सांगितलं, मैत्रिणीकडे जाते.

घर साधं होतं, अंगण शेणाने सारवलेलं. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, लहानखुरी, पायांवर गोधडी ओढून, भर उन्हाळ्यात. मी नमस्कार केला. आतल्या दाराशी एक हिरवट लुगडं हललं. चेहरा दिसला नाही, पण तीच होती हे मला कळलं.

मी रस्त्यात मुद्दे ठरवून आले होते. तेच एकामागून एक सांगितले. धूर कसा साठतो. ओल्या कपड्याचा उपयोग का होत नाही. इतर ठिकाणी कसे एकामागून एक गेले. डॉक्टरांनीही हेच सांगितलं असेल. दोर ओढायला मी सांगितलं, तिने नाही ठरवलं. सगळं बरोबर क्रमाने सांगून मी थांबले, आणि माझ्या लक्षात आलं की आई मुळी ऐकतच नव्हती. ती माझ्या पायांकडे पाहत होती.

“तुमाले भाऊ हाये?” तिने विचारलं.

“आहे. एक.”

“तो पडला असता खाली, तुमी काठावर असते. उतरल्या असत्या का नाई?”

ओसरीच्या खांबाशी भासरा उभा होता. आतलं लुगडं हलायचं थांबलं. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, आणि त्याच्यासाठीच तर मला बोलावलं होतं. सरकारी माणसाने सरकारी उत्तर द्यायचं.

“उतरले असते, मावशी,” मी म्हणाले. “मला सगळं माहीत आहे, तरी उतरले असते. मला कोणीतरी धरून ठेवायला लागलं असतं.”

एक कोंबडी ओसरीवर चढली, तिला कोणी हाकललं नाही.

“दोनी गेले असते तं मी कोनाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं, हे मले समजते,” ती शेवटी म्हणाली. “मी येडी नाई. पन तिच्याकडं पाह्यलं का मले तो दोर दिसते. त्याले मी काय करू?”

मी म्हणाले, “काही करू नका. दिसेल.”

भासरा काहीतरी बोलायला पुढे सरकला. आईने हात वर करून त्याला थांबवलं आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, “तिच्या बापाले फोन कर. म्हना, आता येऊ नोका. पाऊस तोंडावर हाये. पऱ्हे टाकाचे हायेत. तिच्याबिगर कोन टाकीन? तू?”

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती टाकण्यापासून कापणीपर्यंत अर्धं वर्ष जातं. त्या घरात त्या दिवशी एवढंच ठरलं. आईने सुनेला हाक मारली नाही. मला पाणी भासऱ्याच्या बायकोने आणून दिलं.

बसथांब्यापर्यंत मात्र ती माझ्याबरोबर आली. वाटेत आम्ही दोघी फारसं बोललो नाही. वय असेल पंचवीस-सव्वीस, हात खरखरीत, चाल जलद. फोनवरचा तिचा आवाज मला इतका पाठ होता की समोरचं माणूस त्यात बसवायला वेळ लागत होता.

“भासरे आता मायासंगं बोलते,” ती एकदम म्हणाली. “थेट. मीठ दे, पानी दे, बैल बांध. एकडाव बोललो, आता गप कसं बसाचं? पन सगळ्याईले ते बी खपत नाई.”

“तुले?”

“मले बरं वाटते.” मग, “वाईट बी वाटते. त्याईच्यासंगं बोलाले ते मराले पायजे होते का?”

थांब्यावर एक पत्र्याचं शेड होतं, त्याच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. लांबून बसचा धुरळा दिसायला लागला. तेव्हा तिने तिचं खरं विचारणं काढलं, जे घरात कोणाला विचारता येत नव्हतं.

“मॅडम, मायाकडं पाहून सांगा. मी दोर सोडला असता, भासरे पटकन गेले असते, तं ते वाचले असते का?”

तिच्या भासऱ्याला मी ठामपणे सांगितलं होतं, सासूला क्रमवार सांगितलं होतं. हिला तसं सांगता येईना.

“बहुतेक दोघं गेले असते,” मी म्हणाले.

“बहुतेक.”

“हौ. पक्कं कोनालेच सांगता येत नाई. मले त्या वेळेले जेवढं मालूम होतं, तेवढ्यावर मी सांगतलं. उद्या असाच फोन आला तं मी पुन्हा तेच सांगन. दोर वर ओढ म्हनन.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. बस थांबली, कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली. मी पायरीवर चढले तेव्हा ती म्हणाली, “सांगजा. पन तिले हे बी सांगजा, का नंतर कोनी तुयाशी बोलनार नाई. आधी सांगजा.”

“ते आधी सांगतलं तं ती दोर ओढनार नाई,” मी म्हणाले.

“ओढन,” ती म्हणाली. “मी ओढला असता.”

बस हलली. ती शेडच्या सावलीतून बाहेर आली आणि उन्हात, जलद चालीने, शेताच्या वाटेला लागली.